लग्न केलं तर दहा वजा

आगाशीला मुलीचे वडील हरेश्वर राऊत यांच्या ओटीवर लग्नाची बोलणी छान रंगात आली होती. पत्रिका जुळून झाली होती, छत्तीसातले सव्वीस गुण. हॉल विरारला घ्यायचा की वाडीतच मांडव घालायचा यावर दोन्हीकडचं एकमत होत नव्हतं, पण ते व्हायला नकोच होतं. तेवढ्यावर तर दुपार निघायची होती. पोह्यांची दुसरी फेरी आली. मुलीच्या मामांनी बशी मांडीवर घेतली आणि सहज विचारलं, "जावईबापू ऑस्ट्रेलियाला जायचे म्हनतात. मग अडलंय कुठं?"

हा प्रश्न पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा होता. वरून भुरभुरायचा, बस. "बघू, चाललंय" म्हटलं असतं तरी मामा खूश झाले असते. पण अल्पेश म्हात्रे पडला एसी-फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. 'अडलंय कुठं' असं कुणी विचारलं की त्याला खोटं बोलता येत नाही, आणि थोडक्यात तर मुळीच बोलता येत नाही.

"मामा, तिथं मार्कांवर असतं," तो पुढे सरकून बसला. "वयाचे वेगळे, इंग्लिशचे वेगळे, किती वर्षं काम केलं त्याचे वेगळे. टोटल पासष्ट झाली तर आपलं नाव घेतात. माझे सत्तर होतात."

"वा! म्हनजे पास!"

"एकटा असेन तर. तिथं एकट्या माणसाला दहा मार्क देतात. लग्न केलं की ते गेले. म्हणजे साठ."

इथे थांबायला हरकत नव्हती. आई डोळे मोठे करून थांब असंच सांगत होती. पण मामांच्या चेहऱ्यावर अजून उजेड पडला नव्हता, आणि गिऱ्हाइकाला बिघाड समजल्याशिवाय उठायचं नाही हा अल्पेशचा नियम. म्हणून त्याने सोपं करून सांगितलं:

"म्हणजे असं धरा, की मनालीमुळे माझे दहा मार्क जातात आणि मी नापास होतो."

ओटीवर पंखा तेवढा फिरत राहिला. मनालीची आई हंसाकाकी पोह्यांचा डाव हातात धरून दारातच थांबली. मामांनी बशी खाली ठेवली. हरेश्वरकाकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पाऊस लवकर येनार म्हनतात यंदा." मे महिना संपायचा होता आणि आभाळात ढगाची चिंधी नव्हती.

मनाली आत होती, पण राऊतांच्या घरात आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही सुती.

परत येताना स्कूटरवर मागे बसलेली आई, आशालता, निर्मळचा उतार येईपर्यंत पदर सावरत राहिली. मग एकदम म्हणाली, "बारावीत मार्क पाहिजे होते तेव्हा नाही मिळाले. आता बत्तीस दात असलेल्या माणसाला मार्क पाहिजेत."

"आई, त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

"त्यांनी विचारलं अडलंय कुठं. तू त्यांना त्यांची पोरगी दाखवलीस."

अल्पेशने वेग वाढवला.

*

अल्पेशचं घर गोखिवऱ्याला. वडील चंद्रहास तिथल्याच एका पंपाच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत गेले. त्यांची एकच इच्छा होती, की पोराने कारखान्यात शिरू नये. पोराने ती अर्धी पाळली. आयटीआय केलं, एका मोठ्या एसीवाल्याकडे काही वर्षं उमेदवारी करून हात बसवला, आणि मग कारखान्यांच्याच रांगेत एक छोटा गाळा भाड्याने घेऊन बसला. उन्हाळ्यात फ्लॅटवाले, पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेवरचे आइस्क्रीमचे फ्रीझर. धबधब्याला येणारी मंडळी ओलीचिंब होऊन आइस्क्रीम का खातात हे त्याला कधी कळलं नाही, पण फ्रीझर त्यामुळे बिघडायचे, आणि बिघडणाऱ्या गोष्टीबद्दल तक्रार करायची नाही एवढं त्याला कळत होतं.

ऑस्ट्रेलियाचं खूळ धनेशने घातलं. आयटीआयमध्ये शेजारच्या बाकावर बसणारा धनेश तिकडे जाऊन अशाच मशीन दुरुस्त करत होता, आणि रविवारी फोटो पाठवायचा. फोटोत विशेष काही नसायचं. एक रस्ता, एक झाड, एक गाडी, आणि गाडीवर शिडी. पण ती शिडी धनेशची स्वतःची होती आणि चोरीच्या भीतीने तिला कुलूप लावलेलं नव्हतं. अल्पेशला त्या बिनकुलपाच्या शिडीने पकडलं.

मग त्याने मार्कांचा अंदाज काढायला सुरुवात केली. हा अंदाज काढणं म्हणजे एक व्यसन आहे. कुणी जेवल्यावर सुपारी खातात, अल्पेश जेवल्यावर फोनवर तो मार्क मोजायचा तक्ता उघडायचा. एकेक खाना निवडायचा: वय, इंग्लिश, अनुभव, शिक्षण, जोडीदार. खाली आकडा यायचा. तो काल होता तेवढाच असायचा, तरी आज पुन्हा बघितल्याने त्याला बरं वाटायचं. इंग्लिशच्या परीक्षेत पहिल्यांदा तोंडी भागाने घात केला. समोरच्या बाईंनी "तुमच्या आवडत्या प्रवासाबद्दल सांगा" म्हटलं आणि याने प्रवास राहू दिला, गाडीच्या एसीबद्दल सांगितलं. मग गिरिजच्या फ्रेडरिक सरांकडे तो संध्याकाळी जाऊ लागला. सरांनी त्याला एकच शिकवलं: "विचारलं तेवढंच सांग, बाबा." परीक्षेपुरतं ते त्याने पाळलं आणि दहा मार्क मिळवले. परीक्षेबाहेर पाळलं असतं तर ही गोष्ट घडली नसती.

मनालीचं स्थळ आलं ते या सगळ्याच्या मध्येच. आगाशीतली, बी.कॉम. झालेली, तिथल्याच एका पतपेढीत ठेवींच्या काउंटरवर बसणारी. चार महिन्यांत ते पाच-सहा वेळा भेटले होते. ती बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची आणि त्याची लांबड मध्येच तोडायची, "मुद्दा?" अल्पेशला ती आवडली होती. फार आवडली होती. आणि तिला आपण आवडतो की नाही हे विचारायचं तो टाळत होता, कारण तिने "मुद्दा?" म्हटलं असतं.

*

बोलणी फिसकटली असं कुणी म्हटलं नाही. कुणी फोनच केला नाही, त्यामुळे म्हणायचा प्रश्न नव्हता. आठवडाभराने मनालीचाच मेसेज आला. 'संध्याकाळी तळ्यावर ये. तो मार्कांचा हिशोब घेऊन ये.'

आगाशीच्या तळ्याच्या पायऱ्यांवर ती आधीच येऊन बसली होती. पतपेढीचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. अल्पेश एक पायरी खाली बसला. माफी मागायला ती उंची बरी वाटली.

"मनाली, त्या दिवशी मी जे…"

"थांब. आधी माझं ऐक. पप्पा सकाळी फुलं घेऊन नाक्यावर जातात ना, टेम्पोत द्यायला. तिथं कुणी तरी विचारलं त्यांना, 'काय हरेश्वर, पोरगी दहा मार्कांनी राहिली म्हनं?' सगळे हसले. पप्पा पण हसले. घरी आल्यावर जेवले नाहीत."

अल्पेश आणखी एक पायरी खाली सरकला.

"मामा कुठं गप्प बसणार," ती पुढे म्हणाली. "अख्ख्या आगाशीला माहीत झालंय. काल काउंटरवर एक आजोबा पैसे मोजता मोजता म्हणाले, 'काय गो, परत परीक्षेला बसनार का?' माझं डोकंच फिरलं. पण म्हटलं, आधी पेपर तरी बघू. कुठल्या विषयात नापास झाले मी?"

हे ती हसत म्हणाली, पण अल्पेशला हसू आलं नाही. त्याने फोन काढला, तक्ता उघडला आणि तिच्या हातात दिला.

"तू भर," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

त्याने भरायला घेतलं. इंग्लिश, दहा. कामाची वर्षं, पंधरा. आयटीआय, दहा. वयाच्या खान्यात त्याचं बोट सवयीने 'तेहतीस ते एकोणचाळीस' वर गेलं. पंचवीस.

"किती वय तुझं?"

"तेहतीस."

"कधी झालं?"

"कधी म्हणजे? नोव्हेंबरात लागलं ना."

मनालीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "लागलं म्हणजे? बत्तीस पूर्ण झाले आणि तेहतिसावं लागलं. असंच ना?"

"तेच ते. आमच्याकडे असंच धरतात. वाढदिवसाला आई म्हणते ना, तेहतिसावं लागलं रे बाबा तुला."

"तुमच्याकडे नाही, सगळ्यांकडेच असं धरतात. माझ्या काउंटरवर रोज कुणी तरी येतं. परवाच प्रिस्का मावशी आली होती. म्हणते, साठ लागलं मला, म्हाताऱ्यांचं व्याज दे. मी म्हटलं, मावशी, अजून आठ महिने तुम्ही तरुण आहात. मला शिव्या घालत गेली." ती आता खरंच हसली. "अरे, लागलेलं वर्ष धरत नाहीत कुठं. पुरं झालेलं धरतात. तू बत्तीसचा आहेस. वरचा खाना बघ, पंचवीस ते बत्तीस. तीस मार्क."

अल्पेशने बघितलं. नोव्हेंबरापासून तो रोज जेवल्यावर हा तक्ता असाच भरत होता. आधार कार्डावर, परवान्यावर, पासपोर्टावर सगळीकडे त्याची जन्मतारीख बरोबर होती. पण त्या तक्त्यात तारीख विचारतच नव्हते, नुसतं वय विचारत होते, आणि वय म्हटलं की त्याच्या कानात आई बोलायची. पाच मार्क त्याने स्वतःच्या हाताने, घरच्या पद्धतीने, ऑस्ट्रेलियाला दान केले होते.

"म्हणजे लग्न केलं तरी पासष्ट," मनाली म्हणाली. "पास. घे."

एखाद्याने उडी मारली असती. अल्पेश फोनकडे बघत बसला.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलं झालं की."

"मग तोंड असं का केलंयस, कॉम्प्रेसर जळाल्यासारखं?"

"नाही गं, विचार करत होतो. हे नोव्हेंबरापर्यंतच आहे. मग खरंच तेहतीस पुरे होतील आणि पुन्हा साठ. आणि एकटाच असलो तर आत्ता पंचाहत्तर. पंचाहत्तरवाल्याला म्हणे पटकन बोलावतात…"

तो बोलत राहिला, पण मनालीचं लक्ष आता खालच्या खान्यावर होतं. जोडीदाराचा खाना. तिने तो बोटाने उघडला आणि वाचायला लागली. एकटे असाल तर दहा. जोडीदार आहे आणि त्याचं काम त्यांच्या यादीतलं असेल तर दहा. जोडीदाराला कामापुरतं इंग्लिश येत असेल तर पाच. यातलं काहीच नसेल तर शून्य.

"अल्पेश," ती म्हणाली, "हे मधलं वाचलं होतंस तू? जोडीदाराच्या इंग्लिशचे पाच?"

त्याने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"वाचलं होतंस की नाही?"

"वाचलं होतं."

"म्हणजे तुझा चुकीचा हिशोब धरला तरी, मी ती परीक्षा पास झाले असते तर पासष्ट झाले असते. मामांसमोर हे का नाही सांगितलंस? मला का नाही सांगितलंस? चार महिन्यांत?"

"तुला उगाच परीक्षेला कशाला बसवायचं असं वाटलं…"

"मुद्दा?"

तळ्यात कुणी तरी निर्माल्य सोडलं होतं, ते पायरीला येऊन लागलं. अल्पेशने ते पायाने हलकेच दूर लोटलं. तो एवढा वेळ गप्प बसलेला मनालीने कधी पाहिला नव्हता. खरं तर त्यानेही पाहिला नव्हता.

"मी एकदा हैदराबादला गेलो होतो नोकरीला," तो शेवटी म्हणाला. "मोठं काम होतं, हॉस्पिटलचं एसीचं. दीड महिन्यात परत आलो. सगळ्यांना सांगितलं, पाणी मानवलं नाही."

"आणि?"

"पाण्याला काही नव्हतं झालं. तिथला साहेब सगळ्यांसमोर ओरडायचा. काम येत होतं मला, पण तो विचारायला लागला की मला सुचायचंच नाही. रात्री खोलीवर जाऊन रडायचो. एके दिवशी बॅग भरली. इथं कुणी काही विचारलं नाही. पाणी म्हटलं, सगळ्यांना पटलं. आईने तर काढा पण दिला आठवडाभर."

मनाली हसली नाही.

"एकटा गेलो आणि नाही जमलं, तर हवा मानवली नाही म्हणून येता येतं परत," अल्पेश म्हणाला. "तुला घेऊन गेलो आणि नाही जमलं, तर तू बघशील ना. तुला कसं सांगणार, पाणी? तू तेच पाणी पीत असशील." त्याने मान खाली घातली. "ते साठ आले ना, तेव्हा मला वाईट वाटलंच नाही. बरं वाटलं. म्हटलं, आता मी नाही म्हणायला नको. लग्नालाही नाही, जायलाही नाही. आकडाच नाही म्हणतोय."

पतपेढीत बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते. लोक आकड्यांबद्दल बोलायला लागले की बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत असतात. मनालीने फोन बंद करून त्याला दिला.

"बरं झालं सांगितलंस," ती उठली. "पण माझ्या बापाला नाक्यावर हसले लोक. ते तुझ्या पाण्यामुळे. त्याचं काय करायचं ते तू बघ."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं यायच्या आधी, अल्पेश राऊतांच्या वाडीत गेला. हरेश्वरकाका सोनचाफा काढत होते. आकडीने फांदी खाली ओढायची, कळी उमलायच्या बेतात असताना देठाशी खुडायची, टोपलीतल्या केळीच्या पानावर ठेवायची. त्यांनी अल्पेशला पाहिलं आणि टोपली त्याच्या हातात दिली. तो टोपली धरून मागे मागे फिरू लागला. तीन झाडं झाली.

"काका, त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

"का? हिशोब चुकला का?"

"हिशोब पण चुकला. मी वय लागलेलं धरलं, पुरं झालेलं धरायला पाहिजे होतं. म्हणजे आत्ता पासष्ट होतात, पण नोव्हेंबरात…"

"तू परत सुरू केलंस," हरेश्वरकाका फांदीतूनच म्हणाले.

अल्पेशला फ्रेडरिक सर आठवले. तो थांबला. मग जेवढं सांगायचं होतं तेवढंच सांगितलं. "मनालीमुळे काही जात नव्हतं. मी घाबरलो होतो. मला कारण पाहिजे होतं, ते मी तिच्या नावावर टाकलं."

काकांनी फांदी सोडली. ती वर गेली आणि दोघांच्या अंगावर दव पडलं.

"कशाला घाबरलास?"

"तिकडे जाऊन जमलं नाही तर, तिच्यासमोर."

"हां." त्यांनी दोन कळ्या टोपलीत टाकल्या. "ते इथं पन होतंच. जमत नाही ते बायकोसमोरच जमत नाही. दुसरं कोन असतं बघायला?"

पुढच्या झाडाशी जाऊन त्यांनी विचारलं, "आनि तारीख? आम्ही तुळशीच्या लग्नानंतरची धरली होती. तुला आधी पाहिजे का? का थांबायचं तुझं बोलावनं येईपर्यंत?"

हा प्रश्न पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा नव्हता. थांबलं तर पंचाहत्तर. घाईने पावसात लग्न उरकलं तर पासष्ट. तुळशीचं लग्न झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरातला वाढदिवस उलटल्यावर, साठ. आकड्यांचा जिना तिन्ही पायऱ्यांसकट अल्पेशच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. वरच्या पायरीवर धनेशची शिडी होती.

"तुम्ही धरली तीच राहू दे," तो म्हणाला.

"तेव्हा किती मार्क होतात?"

"साठ."

"म्हनजे नापास."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. नापास होऊन लग्न करतो."

हरेश्वरकाकांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हसले, नाक्यावर हसले असतील तसं नव्हे, दुसरं.

"पत्रिकेत छत्तीसातले अठरा जुळले तरी भटजी हो म्हनतो," ते म्हणाले. "म्हनजे निम्मे जुळनार नाहीत हे धरूनच लग्न लावतात. माझे नि हंसाचे एकोनीस होते. ते सतरा न जुळलेले कुठले, ते अजून कळतायत एकेक." त्यांनी टोपली त्याच्याकडून घेतली. "नाक्यावर तू चल माझ्यासोबत. टेम्पोत फुलं तू चढव. बाकी कुनाला काही सांगू नकोस. तू सांगायला लागलास की बिघडतं."

अल्पेश गेला. नाक्यावर चौघे-पाच जण टेम्पोची वाट बघत होते. "हा कोन रे?" एकाने विचारलं. "जावई," हरेश्वरकाका म्हणाले, "मार्कवाला." लोक हसले. पण या वेळी हसण्यात अल्पेशही उभा होता, आणि फुलांच्या टोपल्या तोच उचलत होता, त्यामुळे ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

टेम्पो निघाल्यावर काका म्हणाले, "आनि हे सगळं मनालीला विचारलंस का?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला…"

"मला कशाला? मी नाय येत ऑस्ट्रेलियाला."

*

मनाली कामावर निघाली होती. वाडीच्या दाराशी ती स्कूटरवर हेल्मेटचा पट्टा लावत असतानाच अल्पेश धावत आला. अंगाला चाफ्याचा वास, शर्टावर दवाचे डाग.

"तारीख तीच ठेवली," तो म्हणाला.

"ऐकलं. आईने सांगितलं, पप्पांनी तिला फोन केला. आगाशीत बातमी तुझ्यापेक्षा लवकर पोचते."

"अजून एक विचारायचंय." तो थांबला. चार महिने तो सगळ्यांना ऑस्ट्रेलिया समजावत होता. आईला, मामांना, चिंचोटीच्या आइस्क्रीमवाल्यालाही. "तुला यायचंय का तिकडे?"

मनालीने पट्टा सोडला. "आत्ता विचारतोयस."

"हो. आत्ताच सुचलं."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि ते टाळायला म्हटलेलं नव्हतं. तिने खरंच आत शोधून पाहिलं होतं आणि तिथे उत्तर तयार नव्हतं. "मी आगाशीच्या पलीकडचा विचार कुणी विचारल्याशिवाय केलेला नाही. आणि कुणी विचारलं नव्हतं. इंग्लिशची परीक्षा देईन मी. तुझ्या पाच मार्कांसाठी नाही. मला बघायचंय माझं किती आहे ते. फ्रेडरिक सर शिकवतील ना मला?"

"शिकवतील. तुझं लवकर होईल. तुला विचारलं तेवढंच सांगता येतं."

"आणि ते मार्क माझे. वापरायचे की नाही ते मी सांगेन. नाही म्हटलं तर?"

अल्पेशने विचार केला. धनेशची शिडी डोळ्यांसमोर आली आणि जरा वेळ तिथेच राहिली. ती जावी असं त्याला वाटत नव्हतं, हे त्याने लपवलंही नाही.

"तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला. "थोडे दिवस. मग गोखिवऱ्याला एसी आहेतच बिघडायला. पण पाण्याचं नाव सांगणार नाही कुणाला."

"विचार करून सांगते," मनाली म्हणाली, आणि स्कूटर सुरू केली. दोन हात पुढे जाऊन तिने मागे वळून ओरडून सांगितलं, "आणि आईला भेटल्याशिवाय जाऊ नकोस! ती अजून रागावलीय!"

हंसाकाकी रागावलेल्या होत्याच. त्यांनी त्याला चहा दिला, पण साखर घातली नाही, आणि तो मुकाट्याने प्यायला. कप खाली ठेवल्यावर त्यांनी आतून एक स्टीलचा डबा आणला. आत केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपात बांधलेली सुकेळी होती, त्यांच्याच बागेतल्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची. "आईला द्या," त्या म्हणाल्या. म्हणजे तुम्हाला नाही.

आशालताने सुकेळी तीन दिवसांत संपवली आणि डबा घासून-पुसून ठेवला. त्यानंतर अडचण सुरू झाली. विहिणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर ठरलेलंच. पण त्यात काय घालायचं? बेसनाचे लाडू केले, तर त्यांना हंसाच्या हाताची सर नाही. शेव केली, ती जरा करपली, अल्पेशने खाल्ली. विकतचं काही घालून पाठवायचं म्हणजे कबुलीच देण्यासारखं. पाऊस सुरू झाला, मनालीचे फ्रेडरिक सरांकडचे धडे सुरू झाले, गुरुवारी सुटल्यावर ती कधीकधी गोखिवऱ्याच्या गाळ्यावर येऊन बसू लागली. यायचंय की नाही हे तिने अजून सांगितलं नव्हतं आणि अल्पेशने पुन्हा विचारलं नव्हतं. जेवल्यावर तो आता तक्ता उघडत नसे, म्हणजे रोज उघडत नसे.

"आई, तो डबा दे, आज आगाशीला जातोय," तो मधूनमधून म्हणायचा.

"आज नको," आशालता फ्रीजवरच्या डब्याकडे बघून म्हणायची. "या रविवारी काही तरी करते."